बांधापलीकडच्या फवाऱ्याचा हिशोब कोण देणार?

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. कृषी आयुक्त, पुणे,
आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य

विषय : सेंद्रिय शेतीच्या नियमांतला पुराव्याचा भार चुकीच्या माणसाच्या डोक्यावर आहे, तो हलवण्याबाबत.

महोदय,

सेंद्रिय गटांच्या डायऱ्या तपासणे, शेतातून नमुने काढणे आणि प्रमाणन संस्थेच्या निरीक्षकापुढे कागद मांडणे ही आमची कामे. सेंद्रिय शेतीसाठी स्वतंत्र कायदा हवा अशी मागणी दर अधिवेशनाच्या सुमारास कानावर येते. तो आणण्याआधी आहेत त्या कायद्यांची गावात काय गत होते, एवढे पाहावे म्हणून हे पत्र.

नियम कमी नाहीत. २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे एनपीओपी आहे. तो अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीचे केंद्रीय प्राधिकरण, चालवते आणि त्याला परकीय व्यापार कायद्याचा आधार आहे. देशांतर्गत बाजारासाठी कृषी मंत्रालयाची पीजीएस-इंडिया ही सहभाग हमी पद्धत, म्हणजे शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करून हमी द्यायची पद्धत, आहे. विक्रीवर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे सेंद्रिय अन्न विनियम, खतांवर १९८५ चा खत नियंत्रण आदेश, कीडनाशकांवर १९६८ चा कायदा, बियाण्यांवर १९६६ चा. एवढ्या सगळ्यांत मिळून सर्वाधिक कागद कोणाला लिहावे लागतात? ज्याने फवारलेच नाही त्याला. तो डायरी ठेवतो, नकाशा काढतो, तपासणीची फी भरतो, शेजारच्या फवाऱ्यापासून अंतर राहावे म्हणून बांधालगतचा पट्टा सोडतो. शेजारी काय, कधी आणि कोणत्या वाऱ्यात फवारतो याची नोंद कुठेच होत नाही. फवारा बांध ओलांडून आला तर तो आपला नव्हे हे सिद्ध करण्याची पाळीसुद्धा न फवारणाऱ्यावरच येते. आमचे म्हणणे एवढेच की हा भार जागेवर न्या.

आधी त्या पट्ट्याचा हिशोब बघा. एक एकराचे चौकोनी रान धरले तर त्याची बाजू साधारण साडेत्रेसष्ट मीटर. चारही बांधांवर रासायनिक शेती असेल आणि ३ मीटरचा पट्टा सोडला तर ४० गुंठ्यांतले सात गुंठे गेले. ७ मीटर सोडला तर जवळपास सोळा गुंठे गेले, उरले चोवीस. पट्ट्यातले पीक पेरायचे, निंदायचे, वेचायचेही. पण ते वेगळे काढून साध्या मालाच्या भावाने विकायचे. दहा एकरवाल्याला हे झेपते. एक-दोन एकरवाल्याचे सेंद्रियातले जादाचे चार पैसे या पट्ट्यातच जिरतात. शिवाय रान क्वचितच चौकोनी असते. लांबट चिंचोळ्या पट्टीत नुकसान आणखी वाढते, आणि वाटण्या होऊन होऊन आपल्याकडे पट्ट्याच जास्त.

एवढे करूनही पट्टा पुरत नाही, कारण थेंबाला बांध दिसत नाही. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, थेंब तीन मीटर उंचीवरून खाली यायला साधारण अकरा सेकंद घेतो. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात तेवढ्या वेळात तो तीस मीटर आडवा जातो. पन्नास मायक्रॉनचा थेंब शंभर मीटरही सहज पार करतो. 'वारा पडला होता, म्हणून फवारले' हे समर्थनही नेहमी खरे नसते. हिवाळ्यात संध्याकाळी आणि पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा वेळी बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत सरकतात. तूर फुलोऱ्यात असताना, म्हणजे ऐन फवारणीच्या दिवसांत, नेमकी हीच हवा असते.

त्यात आता ड्रोन आला. ड्रोनला आमचा विरोध नाही. पाठीवर पंप घेऊन विषारी धुक्यातून चालणाऱ्या मजुराचा जीव त्याने वाचत असेल तर तो यावाच. पण पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते आणि ड्रोनने आठ-दहा लिटर. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे ड्रोनच्या एकेका थेंबात पंधरा-वीस पट तीव्र द्रावण असते, आणि थेंबही बारीक. असा एक थेंब शेजारच्या सेंद्रिय तुरीवर पडणे आणि पंपातला एक थेंब पडणे यांत मोठा फरक आहे. ड्रोन फवारणीची केंद्राची कार्यपद्धती २०२१ च्या डिसेंबरपासून आहे. राज्याने अनुदान देताना तिला एक अट जोडावी : उड्डाणाची नोंद, म्हणजे तारीख, वेळ, गट नंबर, औषध, वाऱ्याची दिशा आणि वेग, सहा महिने जपावी आणि बाधित शेतकऱ्याने मागितल्यास द्यावी. उड्डाणाचा मार्ग यंत्रात असतोच. औषध आणि वारा एवढेच लिहून ठेवायचे आहे.

आता अंशाची मर्यादा. सेंद्रिय अन्नात कीडनाशकाचा अंश साध्या अन्नाच्या मर्यादेच्या ५ टक्के किंवा प्रयोगशाळेची मोजण्याची सीमा, यांपैकी जे जास्त असेल तेवढाच चालतो. म्हणजे साध्या मालात किलोला १ मिलिग्रॅम चालत असेल तर सेंद्रियात ०.०५. साध्याचीच मर्यादा ०.०५ असेल तर ५ टक्क्यांचा आकडा इतका लहान होतो की मोजण्याची सीमाच, बहुधा ०.०१ मिलिग्रॅम, लागू पडते. नियम योग्यच आहे. ग्राहक जास्त पैसे देतो तर त्याला स्वच्छ माल मिळायला हवा. पण एवढा सूक्ष्म अंश स्वतः फवारल्याने आला, शेजाऱ्याकडून आला, भाड्याच्या मळणीयंत्रातून आला की जुन्या बारदानातून आला, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. अहवाल हाती पडताच लॉट अडतो, प्रमाणपत्र स्थगित होऊ शकते, आणि संस्थेने 'वापर झाला' असा निष्कर्ष काढला तर ते रान पुन्हा रूपांतरणाच्या, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात येण्याच्या काळाच्या, पहिल्या दिवसावर जाते : हंगामी पिकांना दोन वर्षे, संत्र्या-मोसंबीसारख्या फळबागांना तीन.

खरे तर हे कळू शकते, आणि त्यासाठी फार मोठे विज्ञान लागत नाही. फवारा उडून आला असेल तर अंश बांधाजवळ जास्त आणि आत जावे तसा कमी होत जातो. स्वतः फवारले असेल तर तो सगळीकडे साधारण सारखा सापडतो. म्हणून पंचनाम्यात किमान तीन जागांचे नमुने हवेत : बांधालगत, दहा मीटर आत आणि तीस मीटर आत. काढायचे आतून बाहेर, म्हणजे स्वच्छ जागेकडून दूषित जागेकडे, आणि दर जागेला हातमोजे नवे. उलट क्रमाने काढले तर बांधावरचे औषध आपणच आत नेतो आणि शेतकऱ्याचा पुरावा आपल्याच हाताने बुडवतो. प्रत्येक जागी पसरून वीस-पंचवीस झाडांची पाने घ्यायची, सगळी मिळून अर्धा किलो तरी. खताच्या किंवा बियाण्याच्या जुन्या पिशवीत मुळीच भरू नयेत. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचावा, आणि त्याचा एक जोडनमुना सीलबंद करून शीतपेटीत राहावा. पहिल्या अहवालावर वाद झाला तर तो कामी येतो. सोबत नोंदी : वाऱ्याची दिशा, शेजारच्या पिकाची अवस्था, बांधावरच्या गवताचा रंग. तणनाशक उडाले असेल तर गवत आणि कापूसच साक्ष देतात. २,४-डी या तणनाशकाची नुसती वाफ लागली तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी होतात.

असा पंचनामा ७२ तासांत व्हायला हवा. बरीच औषधे पानावर काही दिवसांतच विघटन पावतात. आठवड्याने कोणी आले तर बांधावरचा आणि आतला फरक पुसट झालेला असतो, आणि पीक काढल्यावर तर फक्त दाण्यातला अंश उरतो, ज्याला दिशा नसते. आज ही मुदत कुठेच लिहिलेली नाही आणि पंचनामा कोणी करायचा हेही नाही. शेतकरी तलाठ्याकडे गेला तर 'हे कृषीचे' आणि कृषी सहायकाकडे गेला तर 'हे महसूलचे', असे ऐकून परत येतो. दोघांनी मिळून करायचा एवढे एका परिपत्रकात लिहा. चाचणीचा खर्च काही हजार रुपये नमुन्याला येतो. तो पहिल्यांदा राज्याने करावा आणि दोष ठरला की फवारणाऱ्याकडून वसूल करावा. तीन जागांचा अहवाल उडून आलेल्या फवाऱ्याकडे बोट दाखवत असेल तर रान रूपांतरणाच्या पहिल्या दिवसावर ढकलू नये, फक्त बाधित पट्ट्यातला माल वेगळा काढावा, अशी शिफारस राज्याने अपेडाकडे करावी.

शेजाऱ्याला मुळात माहीत तरी कसे व्हावे की बांधापलीकडे सेंद्रिय आहे? त्याला साधन तयार आहे. ई-पीक पाहणीत शेतकरी गट नंबरनिहाय पीक स्वतःच नोंदवतो. तिथे 'सेंद्रिय' किंवा 'रूपांतरणाखाली' असा रकाना आणि प्रमाणपत्राचा क्रमांक जोडा. तो सातबाऱ्यावर दिसला की फवारणी सेवा देणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हते' म्हणता येणार नाही. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा फवाऱ्यावर नियंत्रण हा विषय ऐरणीवर आला होता. चर्चा किट, मास्क आणि मिश्रणांवर झाली, आणि ते गरजेचे होतेच. बांध ओलांडणाऱ्या फवाऱ्याचा प्रश्न मात्र आजही तिथेच आहे. कीडनाशक कायदा केंद्राचा आहे हे आम्हाला माहीत आहे. पण शेती राज्यसूचीत आहे, आणि शेजारच्या फवाऱ्याने झालेल्या नुकसानीची भरपाई ठरवायला दिल्लीची परवानगी लागू नये.

आता बाटलीकडे. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर 'बायो', 'जैविक', 'ऑरगॅनिक' लिहिलेल्या पन्नास बाटल्या असतात. कायद्याच्या दृष्टीने त्या एका जातीच्या नाहीत. जिवाणू खते आणि सेंद्रिय खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत. जैवउत्तेजके, म्हणजे पिकाची वाढ चाळवणारी द्रव्ये, २०२१ मध्ये त्याच आदेशात आली. ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया या उपयोगी बुरशा आणि निंबोळी तेल ही कीडनाशक कायद्यात येतात आणि त्यांना केंद्रीय नोंदणी लागते. उरलेल्या, 'पीक संजीवनी' छापाच्या बाटल्या कुठेच बसत नाहीत. ओळखायची साधी खूण : बाटलीवर विषारीपणाची पातळी दाखवणारा लाल, पिवळा, निळा, हिरवा असा कुठलाच त्रिकोण नाही, आणि तरी 'थ्रिप्स, मावा, तुडतुड्यांवर रामबाण' असे छापले आहे, तर ती बाटली बेकायदा आहे. कीड मारण्याचा दावा केला की नोंदणी लागतेच.

खरी मेख वेगळीच आहे. निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनने कीड खाणे थांबवते, कात टाकताना अडकते. परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. बुरशीजन्य औषधाला आठवडाही लागतो. 'जैविक' बाटलीने संध्याकाळी फवारून सकाळी अळ्या मरून पडल्या असतील तर त्यात रासायनिक कीडनाशक मिसळले आहे असाच संशय घ्यावा. शेतकरी मात्र त्याच बाटलीवर खूश होतो, दुकानदार तीच पुढे करतो, आणि प्रामाणिक उत्पादकाचे निंबोळी तेल फळीवर पडून राहते. शेवटी अहवालात अंश सापडतो आणि प्रमाणपत्र जाते ते शेतकऱ्याचे. जैवउत्तेजकात कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त नको अशी अट २०२१ च्या दुरुस्तीत आहे. अट चोख आहे. पण खत म्हणून काढलेला नमुना खताच्या प्रयोगशाळेत जातो आणि लेबलवर लिहिलेल्या घटकांसाठी तपासला जातो. ह्युमिक आम्ल भरले की नमुना पास. आत काय जास्तीचे आहे हे विचारायला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून आयुक्तालयाने एवढा आदेश काढावा की 'सेंद्रिय' किंवा 'जैविक' नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याचा एक भाग कीडनाशक अंशाच्या चाचणीला जाईल, आणि निकाल बॅच नंबरसह जाहीर होईल. बॅच नंबर नसलेले पक्के बिल हे पक्के बिल नव्हे, हेही दुकानदारांना एकदा बजावून सांगा. कच्च्या चिठ्ठीवर शेतकऱ्याला पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. बिल, बॅच आणि दोषी अहवाल तिन्ही जुळले तर सेंद्रिय आणि साध्या भावातला फरक उत्पादकाने भरावा. २०२३ मध्ये बोगस निविष्ठांविरुद्ध, म्हणजे बोगस बियाणे, खते आणि औषधांविरुद्ध, विधेयके आली होती. विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली आणि विषय थंडावला. विक्रेत्यांची एक तक्रार रास्त होती : सीलबंद बाटलीत काय आहे ते दुकानदाराला कसे कळावे? तेव्हा पुढच्या वेळी आतल्या मालाची जबाबदारी उत्पादकावर आणि साठवणुकीची विक्रेत्यावर, अशी सरळ फोड करा. रायझोबियम या जिवाणू खताच्या पाकिटात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या पाकिटात त्या कितपत उरणार? तिथे तापमानाची नोंद नसेल तर कंपनी दुकानाकडे आणि दुकान कंपनीकडे बोट दाखवत राहते.

राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली आणि त्यात देशभर १०,००० जैव-निविष्ठा केंद्रे धरली आहेत. ही केंद्रे जीवामृत आणि दशपर्णी, म्हणजे दहा झाडपाल्यांचा कीडरोधक अर्क, विकणार. कोणत्या कायद्याखाली? जीवामृत म्हणजे २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, रोज दोनदा ढवळायचे, आणि आठवड्यात संपवायचे. दर पिंपातले जिवाणू वेगळे, त्यामुळे त्याला पेशींच्या संख्येचे मानक लावणे व्यर्थ आहे. ते बाटलीत भरून, झाकण लावून, सहा महिन्यांची मुदत छापून विकणे त्याहून वाईट. आत वायू धरतो, बाटली फुगते, आणि उघडल्यावर जे मिळते ते जीवामृत नसते. आमची सूचना : ताजे द्रावण, सुट्या स्वरूपात, तालुक्याच्या हद्दीत आणि तयार झाल्यापासून सात दिवसांच्या आत विकले तर नोंदणी नको, फक्त पिंपनिहाय वही ठेवावी. मुदत छापली किंवा तालुका ओलांडला की केंद्रीय नियम लागू. दशपर्णीला मात्र सूट देताना सावध राहा. त्यात कण्हेर, धोतरा, एरंड पडतो. निसर्गातले आहे म्हणून ते प्यायला चालत नाही. डब्यावर विषाची खूण आणि लहान मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना हवीच.

शहरी कंपोस्टबद्दल थोडक्यात. खत नियंत्रण आदेशात त्याला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे. एकरी दोन टन टाकले आणि माल मर्यादेवरच असला तर वर्षाला १० ग्रॅम कॅडमियम त्या रानात जाते आणि परत निघत नाही. आदेशात पास झालेले कंपोस्ट सेंद्रिय प्रमाणनात आपोआप चालते असे नाही, हे राज्याच्या 'हरित महासिटी कंपोस्ट' या शहरी कंपोस्टच्या गोणीवर ठळक छापले तर बरेच गैरसमज टळतील.

साठवणुकीतही चूक सरकारी दारातच होते. शेतमाल तारण योजनेत माल गोदामात गेला की किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी दिली जाते, आणि सेंद्रिय मालाला ती चालत नाही. मग सेंद्रिय शेतकऱ्याने तारण कर्ज घ्यायचेच नाही का? प्रत्येक जिल्ह्यात एका गोदामाचा एक कप्पा हवाबंद पिशव्यांसाठी राखून ठेवला तरी भागेल.

विक्रीत वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विकण्यासाठी प्रमाणपत्रातून सूट आहे; ती ठेवावी. पण शहरातल्या दुकानात सुटा 'विषमुक्त' गूळ आणि 'रसायनमुक्त' डाळ विकणारा तो लहान उत्पादक नव्हे. 'सेंद्रिय' लिहिले की विनियम लागतात म्हणून हे दुसरे शब्द आले आहेत. अन्न व औषध प्रशासनाने या शब्दांनाही तीच कसोटी लावावी.

आम्ही रासायनिक शेतीवर बंदी मागत नाही. सिक्कीमने २००३ साली ठराव केला, निविष्ठांचा कायदा २०१४ मध्ये, आणि सेंद्रिय राज्य जाहीर झाले २०१६ मध्ये. श्रीलंकेने २०२१ मध्ये एकदम रासायनिक खतांची आयात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. शेणखतात नत्र अर्धा टक्का. पाच टन टाकले तर पंचवीस किलो, आणि त्यातलेही पहिल्या वर्षी पिकाला एक भागच मिळतो. तेवढे शेण महाराष्ट्राच्या गोठ्यांत आज नाही. ज्याला रासायनिक करायचे त्याने करावे, फक्त बांधाच्या आत.

एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. दुकानातले बरेचसे सोयाबीन बियाणे बुरशीनाशकाचा रंगीत थर लावून येते, आणि बीटी नसलेल्या सरळ वाणांचे कापूस बियाणे शोधून सापडत नाही. प्रमाणनात दोन्ही अडतात. प्रक्रिया होण्याआधी मागणी गेली तर महाबीजला, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाला, बियाणे थर न लावता बाजूला ठेवता येते. म्हणून सेंद्रिय गटांकडून मागणी फेब्रुवारीअखेर घ्यायला हवी. त्याचे परिपत्रक जानेवारीत निघाले तर येत्या खरिपाला उपयोगी पडेल; मार्चनंतर निघाले तर पुढच्या वर्षाच्या फायलीला लावावे. पंचनाम्याचा आणि पिंप-वहीचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. आयुक्तालयाने मागितल्यास पाठवू.

आपले,
सेंद्रिय उत्पादक गटांचे समन्वयक आणि अंतर्गत निरीक्षक,
विदर्भ व मराठवाडा